मोंतेवेर्देतला कामापुरता मामा

कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देला पक्षी बघायला जाणारे बहुतेक जण क्वेट्झलसाठी जातात. अंगाने पाचूसारखा हिरवा, शेपटी हातभरापेक्षा लांब, आणि नखरा त्याहून लांब. रानटी अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाखाली माणसं मान अवघडेपर्यंत उभी असतात. हा वर धुक्यात असतो, किंवा नसतो.

कॅरिबियन समुद्रावरून येणारे वारे तिलारानच्या डोंगरांना थडकतात आणि सोबत आणलेले ढग जंगलातच मुक्काम ठोकतात. आमचे रेनकोट थोड्याच वेळात आतूनबाहेरून सारखेच ओले झाले. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर शेवाळ. जरा जास्त वेळ थांबलो तर आपल्यावरही उगवेल, अशी सौ.ला शंका.

हे रान टिकलं त्याला थोडी पुण्याई क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची. सैन्यभरतीला नकार देणारी ही कुटुंबं १९५१ साली अमेरिकेतल्या अलाबामातून इथे आली. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्यच मोडीत काढलेलं, त्यामुळे पत्रिका लगेच जुळली. त्यांनी गाई पाळल्या, चीज केलं आणि ओढ्यांच्या उगमाकडचं जंगल राखलं.

तर आम्ही क्वेट्झलची आराधना करत असताना भलताच देव प्रसन्न झाला. १३ सेंटिमीटरचा जीव. तोंड आणि पोट हळदीसारखं पिवळंधमक, डोक्यावर तांबूस टोपी, छातीवर काळसर पट्टा. हा कॉलर्ड रेडस्टार्ट. जगात फक्त कोस्टारिका आणि पश्चिम पनामाच्या डोंगरांत राहतो, पण त्याचा काडीचा गर्व नाही. थेट आमच्या बुटांपाशी.

आमच्यातल्या निवृत्त बँक मॅनेजरसाहेबांनी तोफेएवढी लेन्स रोखली. ती दूरच्या क्वेट्झलसाठी घेतलेली, जवळचं तिला दिसेचना. साहेब दोन पावलं मागे, पक्षी दोन पावलं पुढे.

"अहो, किती माणसाळलेलं आहे!" सौ. विरघळली.

गाइड म्हणाला, इथले लोक याला 'आमिगो दे ओम्ब्रे' म्हणतात, म्हणजे माणसाचा मित्र. पण या मैत्रीमागे निव्वळ हिशेब आहे. माणूस किंवा गाय चालली की पाचोळ्यातले किडे उडतात; हा मागोमाग येऊन ते टिपतो. कोणी चालणारं नसलं तर स्वतःच पंख पसरून, शेपटीची पांढरी पिसं फडकवून किड्यांना घाबरवतो. याच्या एका चुलतभावाच्या शेपटीतला पांढरा रंग शास्त्रज्ञांनी मोंतेवेर्देतच काळा करून पाहिला, तर बिचाऱ्याची शिकार रोडावली!

एवढ्यात वरच्या फांदीत काहीतरी हललं. "क्वेट्झल!" गाइड कुजबुजला. आम्ही सगळे पुतळे झालो. किडे उडेनासे झाले. मित्राने आमच्याकडे एकदा तिरपं पाहिलं आणि पायवाटेवरून धपाधपा उड्या मारत येणाऱ्या शाळकरी पोरांच्या दिशेने तो निघून गेला.

साहेबांनी हळूच पाचोळ्यात बूट घासून पाहिला. गाइडने डोळे वटारले.