एमएच १९ आणि आबा

आबांना इंग्रजी बोलता येत नाही आणि त्याचं त्यांना तसूभरही वाईट वाटत नाही. इंग्रजी ही बोलायची भाषा आहे, हेच मुळात त्यांना मान्य नाही. सव्वीस अक्षरं आहेत, ती दिसतील तिथं गाठायची आणि त्यांतून शब्द काढायचा, एवढाच त्यांचा तिच्याशी व्यवहार. असे एकेक आबा हल्ली प्रत्येक कॉलनीत निघतात. मेहरूणच्या वाट्याला आलेले आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ए-बी-सी-डी पाचवीत शिकले, आणि वीरकरांची डिक्शनरी त्यांनी पोथीसारखी, म्हणजे अर्थाच्या वाटेला न जाता, वाचून काढली आहे.

सकाळी मेहरूण तलावावर लोक फिरायला येतात, आबा लावलेल्या गाड्या बघायला येतात. नियम साधा. नंबरप्लेटवरची अक्षरं त्याच क्रमानं ज्यात येतात असा शब्द सांगायचा. मध्ये दुसरी अक्षरं कितीही घुसोत, क्रम मोडता कामा नये. जळगावची गाडी म्हणजे एमएच १९, तेव्हा एम आणि एच ठरलेलेच. पुढं सीएस असेल तर आबा म्हणणार, ‘मेकॅनिक्स’. डीएस असेल तर ‘मेथड्स’. सीएल दिसलं की स्वारी खूश, कारण तिथं ‘मेकॅनिकल’ही बसतो आणि ‘मिथिकल’ही. आपण दम खात बाकावर टेकलेलो असतो, तेवढ्यात हातातली चावी बघून विचारणा होते, “काय भो, तुझी कोणती?” इथं मॉडेल, मायलेज, हप्ता यांतलं काहीही विचारलेलं नसतं. सीरिजची दोन अक्षरं सांगायची. शब्द निघाला तर आपण भले माणूस. नाही निघाला, तर गाडी घेताना घरात कुणी वडीलधारं नव्हतं का, अशा नजरेनं आबा बघतात.

लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला जावई नव्याकोऱ्या मोटरसायकलवर आले. भरीत-पुरीचा बेत, सगळं घर ओट्यावर, मागून व्याही मंडळींची गाडी. मोटरसायकलच्या प्लेटवर एव्ही. आबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मिसबिहेव!” पाहुण्यांत कुणीतरी इंग्लिश मीडियमचं असतंच. ‘ते गाडीला म्हणाले हो’ हे समजावता समजावता बाईमाणसांच्या पुऱ्या गार झाल्या. आबांचं म्हणणं एकच, दुसरा शब्द असेल तर सांगा. जावयाच्या धाकट्या भावानं बराच विचार करून ‘मिसबिहेव्हियर’ काढला. त्यानं परिस्थिती सुधारली नाही.

नातू सुट्टीत पुण्याहून स्क्रॅबल घेऊन आला. त्यानं आजोबांना सांगितलं की आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसाची मंदीत नोकरी गेली, मग त्यानं वर्तमानपत्राचं पहिलं पान घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि १९३८ साली हा खेळ बनवला. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत आणि जे, क्यू, झेड एकेकच. नोकरी गेल्यावर अक्षरं मोजत बसणारा माणूस आबांना फारच समंजस वाटला. पण पुढं बिनसलं. मेहरूणची बोरं नावाजलेली, बोराला इंग्रजीत ‘जुजुब’, त्यात जे दोन आणि डब्यात जे एक! कोरी सोंगटी जे म्हणून लावता येते, असं नातू म्हणाला. “आपल्या बोराला उसनं अक्षर?” आबा उठून गेले.

खरा जीव रमतो तो गावांच्या नावांत. धुळ्याचा पाहुणा आला की पाणी देण्याआधी त्याला कळतं की धुळ्याच्या स्पेलिंगात ‘ड्युएल’, म्हणजे द्वंद्व, दडलेलं आहे. भुसावळमधून शाल निघते. जळगावमधून जुन्या स्पेलिंगचं जेल, जी-ए-ओ-एल, निघतं; ते पाहुण्यांना सांगत नाहीत. मेहरूणच्या सहा अक्षरांत एक आय मिसळला की मात्र ‘ऱ्हेनियम’ होतो. हा धातू १९२५ साली जर्मनीत सापडला, अणुक्रमांक ७५, विमानांच्या इंजिनात वापरतात, वितळायला तीन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. जळगावच्या मे महिन्यालाही दाद न देणारा, असं आबा वर जोडतात. पुस्तकं म्हणतात, नाव ऱ्हाइन नदीवरून पडलं. आबांचा यावर विश्वास नाही.

आणि खान्देश! के-एच-ए-एन-डी-ई-एस-एच. यात फक्त एक ए टाका, सगळी अक्षरं हलवा, ‘हँडशेक’ तयार. हवं तर कागद घेऊन बसा, एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. हा शोध लागल्यापासून आबा भेटेल त्याचा हात धरतात आणि नऊच्या नऊ अक्षरं मोजून होईपर्यंत सोडत नाहीत.

लोक हसतात, मीही हसतो. पण सरकारनं २००० साली इंग्रजी पहिलीपासून आणली, तरी मुलाखतीच्या खुर्चीत बसलं की आपल्या पोरांच्या तोंडाला कोरड पडतेच. साहेबाच्या भाषेला इतक्या बिनधास्तपणे हात घालणारा माणूस माझ्या पाहण्यात तरी आबांखेरीज दुसरा नाही.

तलावावर फिरायला जरूर या. फक्त गाडी एव्ही सीरिजची असेल आणि सासरची मंडळी बरोबर असतील, तर ती जरा लांबच लावा.