कोन मांगे लागलं?

खान्देशात धावायला वर्षातून जेमतेम तीन महिने मिळतात. मार्च ते जून ऊन धावतं, आपण सावलीत बसतो. मग चिखल. ऑक्टोबरात ऊन पुन्हा येतं, मे महिन्यात काहीतरी विसरून गेल्यासारखं. उरतो नोव्हेंबर ते जानेवारी. नेमक्या याच दिवसांत शेतात भरिताची वांगी तयार होतात. माझ्या तयारीची सगळी कथा या दोन ओळींत आली. बाकीचा मजकूर संपादकांनी जागा दिली आहे म्हणून.

तर, मी यंदा अर्धमॅरेथॉनचा फॉर्म भरला. २१ किलोमीटर, आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे वरचे मीटर कुठून आले ते ऐका. १९०८ साली लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच जगाला कायमचं लागू झालं. इंग्रज गेले, पण त्यांच्या राजाच्या सोयीचं निम्मं अंतर जळगावात मी पळायचं आहे.

फॉर्म भरल्याचं घरी सांगितलं. हिने चष्म्यावरून पाहिलं. ‘अहो, कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढता तुम्ही.’ विषय संपला. तिच्या बाजूने.

पण आता हवा बदलली आहे. जळगावात ‘खान्देश रन’ होते, मेहरूण तलावाभोवती पहाटे इतके लोक असतात की चुकून बाजाराचा दिवस वाटावा. धुळ्यात तर पोलीस दलाच्या पुढाकाराने मॅरेथॉन झाली. पोलीस दिसले की पळायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. धुळेकरांनी तिला छातीवर नंबर आणि गळ्यात मेडल दिलं, एवढंच.

सुरुवात बुटांपासून झाली. दुकानातल्या पोराने माझा पाय हातात घेऊन, सोनार जुनी पाटली पाहतो तसा पाहिला आणि घट सांगितली. तुमची टाच आत झुकते, म्हणाला. सत्तेचाळीस वर्षं मी या टाचेवर उभा आहे, आजवर कुणी तक्रार केली नव्हती. नऊ हजारांचे बूट घेतले. बुटांवरून आठवलं, बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तिथलं अंतरही नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. वेळ दोन तास पन्नास मिनिटं आणि वर काही सेकंद. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. तिथून भारताची ऑलिंपिकची वाट निघाली. बरं झालं, त्या दिवशी टाच पाहणारा पोरगा मैदानावर नव्हता. अर्ध्यांना घरी पाठवलं असतं.

बुटांमागोमाग घड्याळ आलं. ते झोप मोजतं, श्वास मोजतं, आणि मी सोफ्यावर बसलो की ‘उठा’ म्हणतं. घरात हे सांगणारं माणूस आधीच होतं, त्याला चार्जिंग लागत नव्हतं. मग जेल आलं. धावताना मध्येच ताकद यावी म्हणून चोखायची चिकट पुडी. कुरिअरवाल्याकडून घेतली, फोडली, आणि वास ओळखीचा वाटला. पुडी उलटी करून पाहिलं. केळ्याचा स्वाद. आमच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथून केळी देशभर जातात, परदेशात जातात, आणि मी जळगावात बसून केळ्याच्या वासाची पुडी मागवली, दीडशे रुपयांना. शेजारच्या अप्पांनी पुडी हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली. ‘दीडशेत मी घडाचा घड देतो,’ म्हणाले. ‘आणि साल काढायला कात्री लागत नाही.’

सराव पहाटे साडेपाचला. जळगावात शहरातल्या रस्त्यांवर सराव करण्याचा एक फायदा आहे. मोठ्या शहरांतले लोक खडकाळ वाटेवर धावायचा अनुभव घ्यायला पैसे भरून सह्याद्रीत जातात. आपल्याला दाराबाहेर मिळतो. पाइप टाकायला खणलेलं, केबल टाकायला खणलेलं, आणि कशाला खणलं ते खणणाराही विसरला, असं तिन्ही प्रकारचं. घोटा मजबूत होतो. किंवा मुरगळतो.

पुण्याहून भाच्याने सरावाचं कोष्टक पाठवलं. त्यात ‘झोन टू’ नावाची गोष्ट आहे. म्हणजे शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. हा नियम बाहेरगावच्या माणसाने केला आहे हे उघड आहे. जळगावात बोलणं सुरू झालं की धावणं थांबतं. काव्यरत्नावली चौकात पहिले नाना भेटले, कापसाच्या भावावर थांबलो. पुढे सोन्याच्या भावावर. मेहरूणला पोचलो तर बोरं विकायला बसलेल्या मावशी. मेहरूणच्या बोरांवर न थांबता पुढे जाणारा माणूस धावपटू असेल, जळगावकर नव्हे. घड्याळाने हिशेब दिला: एक तास दहा मिनिटं, सव्वातीन किलोमीटर, हृदयाचे ठोके उत्तम. असणारच.

एकदा गावाबाहेर निघालो. बांधावर एक म्हातारेबाबा बैल सोडत होते. घामाघूम, एकटा, तांबडी चड्डी घातलेला माणूस अंगावर धावत येताना पाहून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं. दूरवर पाहिलं. कुणी नाही. मग काळजीने विचारलं, ‘काय भो, कोन मांगे लागलं?’

काय सांगणार? तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मागे लागलाय, हे बांधावर उभ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? ‘सहज,’ म्हणालो. सहज पळणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नसावा. पाणी दिलं, आणि घरी कळवू का म्हणून विचारलं.

चढाचा सराव हवा म्हणून एका रविवारी धुळ्याला गेलो. मेव्हणे तिथले. बेत असा की पांझरेच्या काठाने अंग मोकळं करायचं आणि मग लळिंगचा किल्ला चढायचा. मेव्हण्यांनी किल्ला दाखवला. गच्चीवरून. ‘दाजी, तो कुठे पळून जात नाही,’ म्हणाले, ‘पळायचं आपल्याला आहे, आधी जेवून घ्या.’ भाच्याच्या कोष्टकात शर्यतीच्या आधी ‘कार्ब लोडिंग’ लिहिलं आहे, म्हणजे पोटात पिष्टमय पदार्थ भरून ठेवायचे. ही युक्ती परदेशातल्या शास्त्रज्ञांनी शोधली म्हणे. धुळ्यात तिला वरण-बट्टी म्हणतात. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी आधी उकडायची, मग कापून तुपात तळायची, मग कुस्करून वरणात बुडवायची, आणि वरण दिसेनासं होईपर्यंत वर पुन्हा तूप. चार बट्ट्यांनंतर लोडिंग पूर्ण झालं. अनलोडिंग मंगळवारी. किल्ला आहे तिथेच आहे.

उन्हाचं म्हणाल तर आमच्याइतका तयार धावपटू जगात नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या दिवशी पारा ३२ अंशांच्या आसपास गेला आणि जवळजवळ निम्म्या लोकांनी शर्यत अर्ध्यात सोडली. बत्तीस! आमच्याकडे बत्तीसला स्वेटर नुकता धुवून ठेवलेला असतो. पण हसू नये. एक पोर्तुगीज धावपटू त्या उन्हात कोसळला तो गेलाच. दुसरा एक जपानी होता, शिझो कानाकुरी. त्याला वाटेत एका बंगल्याच्या बागेत काही मंडळी मेजवानी करत बसलेली दिसली. तो आत गेला, सरबत प्याला, विसावला, आणि कुणाला न सांगता परस्पर मायदेशी गेला. स्वीडनच्या दफ्तरी तो बेपत्ता. १९६७ साली त्याला मानाने परत बोलावलं आणि शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. मधल्या काळात लग्न, सहा मुलं, दहा नातवंडं.

हा माणूस माझा आदर्श कसा झाला ते आता सांगतो. गेल्या रविवारी कोष्टकात सोळा किलोमीटर होते. शर्यतीआधीची शेवटची मोठी दौड. गिरणेकडच्या रस्त्याला लागलो. पाय हलके, रस्ता मोकळा, गप्पांना कुणी नाही. नववा किलोमीटर संपला तेव्हा मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला. तेवढ्यात डाव्या हाताच्या शेतातून धूर आला.

कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती. हा वास नाकातून मेंदूत जात नाही, थेट गुडघ्यात उतरतो. बामणोदकडची वांगी, वीतभर लांब, बिया नावाला. जळगावच्या या वांग्यालाही त्याच २०१६ साली मानांकन मिळालं आहे, म्हणजे मी काही रस्त्यावरच्या ऐऱ्यागैऱ्या मोहाला बळी पडलो असं कुणी म्हणू नये. शेतात वीसेक माणसं होती. कुणी साल काढत होतं, कुणी लाकडी भांड्यात मिरच्या-लसणासकट मुसळाने ठेचत होतं. एका कढईत शेंगदाणे, दुसरीत पुऱ्या. कांद्याची पात चिरून तयार. ओळखीचं कुणी नव्हतं. खान्देशात ती अट नसते. ‘या भाऊ, बसा,’ एवढंच झालं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा सैल केला, नऊ हजारांचे बूट बांधावर काढले, आणि मांडी घातली. दुसऱ्या वाढपाला घड्याळ थरथरलं. वेग कमी झाला आहे, म्हणालं. मी ते हातातून काढून बुटात ठेवलं.

परतीला त्यांच्यातल्याच एकाने मोटारसायकलवर घरी सोडलं. हिने दार उघडलं, हातातले बूट पाहिले, शर्टावरचं तेल पाहिलं. ‘किती झाले?’

‘नऊ. उरलेले सात राहिलेत,’ मी म्हणालो. ‘शर्यत सोडलेली नाही.’

घड्याळ अजून बंद केलेलं नाही. बुटातच आहे, चार्जिंगला लावून ठेवलं आहे. आज सकाळी बघितलं तेव्हा चार दिवस, दोन तास आणि अकरा मिनिटं झाली होती.