अभिवृत्तीची आणेवारी

माणसाच्या मनात ठिबक सिंचनाविषयी नेमकं किती प्रेम आहे, हे मोजायचा विडा मी उचलला, तेव्हा मला स्वतःच्या चपलेचं मापही धड सांगता येत नव्हतं. पण पीएच.डी.चा विषय मंजूर झाला होता : 'सातारा व सांगली जिल्ह्यांतील ऊस उत्पादकांची ठिबक सिंचनाविषयीची अभिवृत्ती : एक अभ्यास'. हे एका दमात म्हणता आलं की निम्मा प्रबंध झाला, अशी माझी समजूत होती.

मापाची पट्टीही मिळाली होती. थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञांच्या जुन्या पद्धतीत विधानांची वजनं ठरवायला परीक्षकांची फौज लागे. त्यांनी बसून विधानांचे अकरा ढीग लावायचे. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ मध्ये ही फौज घरी पाठवली. विधान वाचायचं, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशा पाच खणांपैकी एकात खूण करून घ्यायची आणि शेवटी बेरीज मारायची. पद्धत इतकी सोपी, की ती मलाही जमेल असं वाटलं. घोटाळा तिथंच झाला.

माझी विधानं वीस. दहा ठिबकच्या बाजूची, दहा विरुद्ध. विरुद्ध विधानांचे गुण उलटे द्यायचे, म्हणजे डोळे मिटून माना डोलावणारा पकडला जातो. पुस्तकात तरी पकडला जातो.

कराड तालुक्यातलं पहिलंच अंगण. मी खुर्चीत, आबा कट्ट्यावर.

"ठिबकमुळे पाण्याची बचत होते."

"व्हय तर. एकदम बरोबर."

"ठिबकवर केलेला खर्च वाया जातो."

"त्ये बी बरोबर हाय."

"आबा, दोन्ही कसं बरोबर असेल?"

"तुमी एवढ्या लांबनं आलाय सायेब. तुमास्नी न्हाई कसं म्हनायचं? च्या घ्या."

विसाच्या वीस विधानांना 'पूर्णपणे सहमत' आणि वर दोन कप चहा घेऊन मी परतलो. रात्री बेरीज केली. सुलट दहांचे पाचाने पन्नास, उलट दहांचा एकेक मिळून दहा. एकूण साठ. वीस ते शंभरच्या श्रेणीचा बरोबर मध्य! ज्या माणसाने एकदाही 'तटस्थ' म्हटलं नव्हतं, तो माझ्या वहीत दोन्ही जिल्ह्यांतला सर्वांत तटस्थ माणूस ठरला. पुढच्या पंधरा दिवसांत साठवाल्यांची रांगच लागली. साठी बुद्धी नाठी म्हणतात. साठी त्यांची आणि नाठी माझी, अशी वाटणी झाली. मी अभिवृत्ती मोजत नव्हतो, पाहुणचार मोजत होतो.

मधल्या खणाचा खुलासा वाळवा तालुक्यात झाला.

"तटस्थ म्हंजी वो काय?" एका काकींनी विचारलं.

"तट म्हणजे काठ. काठावर उभा असलेला. इकडे नाही, तिकडे नाही."

"मग आमी समदीच तटस्थ. किस्नाकाठालाच ऱ्हातोय की. २०१९ च्या म्हापुरात मातर काठच ऱ्हायला न्हवता."

यावर कोणत्या खणात खूण करायची, हे लिकर्टसाहेबांनी लिहून ठेवलेलं नाही.

शेवटची पाळी खानापूर तालुक्याची. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून ऊस करू लागलेल्या एका तात्यांनी माझा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यात आनं कुठायत?"

"कसले आणे?"

"आनेवारी काडायला आलाय न्हवं?"

दुष्काळी भागातला माणूस. पीक किती आलं हे सरकार रुपयात किती आणे म्हणून मोजत आलं. पुढे आणे गेले, पैसेवारी आली, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. लिकर्टच्या कितीतरी आधीपासून ही श्रेणी त्यांच्या अंगवळणी पडलेली. तात्या सुरूच झाले, "पान्याला चौदा आनं. खताला बारा. उंदरं नळ्या कुरतडत्यात, तितं चार. आन् तोड आली की नळ्या गोळा करायच्या, तितं दोन आनं सुदीक न्हाईत."

मिनिटभरात हिशेब खुलला. माझ्या साठात पाणी, खत आणि उंदीर एकाच पोत्यात भरले होते.

"आता तुमचं सांगा. तुमच्या रानात हाय का ठिबक?"

मी गप्प. १९३४ मध्ये लापिएर नावाच्या संशोधकाने छापलेली हकीकत आठवली. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर २५१ हॉटेलं-खानावळींत गेला. फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी 'चिनी गिऱ्हाईक घेणार नाही' असं कळवलं. ते कागदावर नाही म्हणून प्रत्यक्षात हो करणारे. मी त्यांच्या बरोबर उलटा. प्रश्नावली तपासायला पहिली मीच भरली होती, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! आणि आमच्या दोन एकरांत वडील अजूनही रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जातात.

"नाही," मी कबूल केलं.

"मग तुमची आनेवारी किती धरायची?"

"पन्नास पैशांच्या आत."

तात्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "मग दुष्काळ जाहीर करा की."