राक्षसाची जोड

दिवाळीला पुण्याहून आलेल्या पुतण्याने ईटला, आमच्या गावी, ओसरीवर सतरंजी अंथरली आणि तिच्यावर वीस बाजूंचा फासा टाकला. साध्या फाशांनी महाभारत घडवलं, तर हा काय करील या धास्तीने मी जरा लांबच बसलो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी काढलेला. तोंडाने गोष्ट सांगायची, आपापलं पात्र वठवायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर सोडायचं. पुतण्या सूत्रधार, भाचा आणि शेजारची दोन पोरं वीर. गुहेत शिरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग भाच्याच्या वीराने तलवार टाकून राक्षसाला मिठी मारली आणि पुतण्या पुस्तक चाळायला बसला.

झोंबाझोंबी आली की हे असं होतंच म्हणे. 2000 सालच्या आवृत्तीत आधी समोरच्याला एक वार फुकट करू द्यायचा, मग त्याला नुसता हात लागला का त्याचा फासा, मग दोघांच्या जोराचा फासा, मग त्याच्या चौकोनात सरकायचं. एवढ्या वेळात आमच्याकडे रेवड्यांवरच्या चार कुस्त्या सुटतात. 2014 ला सोपं केलं : दोघांनी एकेक फासा टाकायचा, धरणारा जिंकला की धरलेल्याची चाल शून्य. तो जागचा हलत नाही, हत्यार मात्र मजेत चालवतो. 2024 ला पुन्हा बदललं. म्हणून जो तो आपले घरचे नियम करतो.

‘घरचे नियम’ एवढंच आबांनी ऐकलं. आबा म्हणजे माझे वडील. कान पैलवानी, मोडलेले. पण हवं ते बरोबर ऐकतात.

“धरलंय म्हंजी कसं धरलंय?”

“ग्रॅपल केलंय, आबा.”

“आरं पण पट काढलाय, का ढाक लावलीय? कब्जा कुणाचा?”

पुस्तकात राक्षसाच्या ताकदीचा आकडा होता, कंबरेचा नव्हता. आपल्याहून एका मापापेक्षा जास्त मोठ्याला धरता येत नाही, हा नियम मात्र आबांना पटला. “जोड बघूनच लावाय पायजे. लिवणारा फडात बसलेला दिसतोय.” पण राक्षसाला पाडायला वेगळा धक्का मारावा लागतो आणि पाठ टेकली तरी तो वार करतो, हे ऐकून त्यांनी पानाचा डबा मिटला.

“चीत झाल्यावर बी मारतोय? मग ती कुस्ती न्हाई. भांडण हाय.”

चितपटीवर मी बोलायला नको. माझी आयुष्यातली एकमेव कुस्ती जत्रेत रेवड्यांवर झाली. माझा एकच खांदा टेकला होता. पंचांना दोन दिसले.

आणि पुस्तकवाल्यांना तरी काय हसावं? 2023 च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवलं. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला, दुसरी महाराष्ट्र केसरी झाली. ती राक्षे यांनी जिंकली. कुस्ती एक, घरं दोन. एका महिन्यात दोन केसरी काढणारी आवृत्ती अमेरिकेला अजून सुचलेली नाही.

शेवटी आबाच पंच झाले. शेजारच्या पोराने स्टीलच्या ताटाची हलगी केली. वीराचा फासा पडला, राक्षसाचा पडला, बेरीज दोघांचीही सतरा-सतरा. पुस्तक म्हणतं, बरोबरी झाली की होतं तसंच राहायचं, म्हणजे मिठी बसलीच नाही. आबांनी पुस्तक बाजूला सारलं.

“कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं.”

इनाम म्हणजे गुहेतलं सोनं. वीरांनी आरडाओरडा केला, भाचा रुसून उठला, ताट वाजवणाऱ्याने ताटच आपटलं. राक्षसाचा फासा टाकणारा पुतण्या तेवढा शांतपणे उठला, पंचांच्या पाया पडला आणि आपलं निम्मं वहीत लिहून घेतलं.