कोल्डप्लेला जाऊन आलेला

संभाजीनगरात कुणी ‘हर्सूलला जाऊन आलो’ म्हणालं की ऐकणारा जरा सरकून बसतो, कारण तिथं मध्यवर्ती कारागृह आहे. खुद्द हर्सूलकरांना कैद्यांचं काही वाटत नाही. जानेवारी २०२५ पासून त्यांना धाक आहे तो कोल्डप्लेला जाऊन आलेल्याचा.

हा तिशीचा असतो. संध्याकाळी टी पॉइंटच्या टपरीवर हमखास सापडतो. काशीला जाऊन आलेला निदान मावंदं तरी घालतो. हा नुसतीच यात्रा सांगतो आणि चहाचे पैसे आपण द्यायचे. विषय कुठलाही काढा, तिसऱ्या वाक्याला तो नेरूळला, कोल्डप्लेच्या कार्यक्रमात पोचतो. ‘यंदा तलाव चांगला भरला,’ म्हणावं, तर म्हणतो, ‘भरणं काय असतं ते डी. वाय. पाटील स्टेडियमला बघायचं, काका.’

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेल्या चौघांचा कोल्डप्ले हा बँड जवळजवळ तीस वर्षं टिकून आहे. याचं म्हणणं, आपण ‘यलो’पासून ऐकतोय. ‘यलो’ हे गाणं आलं २००० साली. तेव्हा हा बालवाडीत डबा सांडत होता. २०१६ च्या नोव्हेंबरात हेच लोक मुंबईत बीकेसीला येऊन गेले, तेव्हा का नाही गेलास, असं विचारलं की तो नोटबंदी पुढे करतो. नोटबंदी अकराच दिवसांपूर्वी झाली होती, हे खरं. पण बँडचं नाव त्याला तेव्हा ठाऊक होतं, याला साक्षीदार नाही.

तिकिटाची कथा तो मांडी घालून सांगतो. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला विक्री उघडली आणि ऑनलाइन रांगेत याचा नंबर लागला लाखांच्या घरात. ‘लाखात एक’ म्हणून वाढवलेल्या पोराला आपल्यापुढे किती जण आहेत ते पहिल्यांदाच कळलं. मागणी एवढी, की १८ आणि १९ जानेवारीला २१ ची तिसरी तारीख जोडावी लागली. काही तिकिटं तर पस्तीस हजारांची. शेवटी नोव्हेंबरात बँडनं दोन-दोन हजारांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं काढली, त्यात याचं जमलं. अट एकच, तिकिटं जोडीनं घ्यायची. जोडीला बायको जाणार होती. तिनं ‘दोघांचे चार हजार?’ एवढंच विचारलं आणि जोडीला मेव्हणा गेला. स्टेडियमला निघालोय म्हटल्यावर तो बिचारा मॅच समजून आला होता.

देवगिरी एक्स्प्रेसनं पहाटे ठाणे, तिथून लोकलनं नेरूळ. जागा मिळाली पार वर. तिथून बँडचा गायक ख्रिस मार्टिन स्पष्ट दिसला, असं हा शपथेवर सांगतो. मेव्हणा म्हणतो, एक ठिपका उड्या मारत होता. पण हजारो मनगटांवरचे पट्टे एकदम पिवळे पेटले तेव्हा मेव्हणाही उठून उभा राहिला, यावर दोघांचं एकमत आहे. पट्टे जाताना परत द्यायचे असतात. मेव्हण्यानं आपला खिशात घातला. तिथल्या यंत्रणेचा इशारा आल्याशिवाय तो पेटत नाही, हे त्याला हर्सूलला आल्यावर कळलं.

या दौऱ्यात प्रेक्षकांच्या नाचण्यातून वीज तयार करणारी जमीनही वापरतात, ही माहिती त्यानं एकदा टपरीवर सोडली. टपरीवाल्यानं गाळणी झटकत विचारलं, ‘मग आपल्या गणपतीत पोरं एवढी नाचतात, तरी डीजेला जनरेटर काहून लागतो?’ त्या दिवशी हा चहा अर्धा टाकून गेला.

दुसरा शत्रू म्हणजे टपरीवरचे एक निवृत्त साहेब. त्यांनी २००३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स पाहिलेत. ‘आमचा बँड १९६२ चा,’ असं ते हळूच म्हणतात आणि बिस्कीट बुडवतात.

पण खरा घाव घरात बसला. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. आईनं तो शेजारणींसह, शेंगा सोलत, पुढच्या रांगेत बसल्यासारखा पाहिला. वर विचारलं, ‘त्यानं वंदे मातरम् म्हटलं रे! तुमच्या वेळी म्हटलं का?’ साडेतीनशे किलोमीटर जाऊन आलेल्या माणसाला आठवड्याभरात घरबसल्या मागे टाकलं गेलं.

तरी माझं मत त्याच्या बाजूचं आहे. नेरूळवाला जेवून चालत जातो, हर्सूलवाल्याला रजा, रेल्वे आणि मेव्हणा या तिन्हींची सोय करावी लागते. एवढं करून गेलेल्यानं वर्षभर सांगितलं नाही, तर निम्मं तिकीट वाया गेलं. म्हणून तो भेटला तर चहा पाजा आणि पुरतं ऐकून घ्या. फक्त तिकीट कितीला पडलं, हे त्याच्या वडिलांसमोर विचारू नका.