बहिणीच्या मापाची चप्पल

बाईसाहेबांना बहीण नाही. तीन भाऊ आहेत, तिघेही दांडगे. पण दादरच्या निम्म्या चप्पलवाल्यांना विचारलंत, तर ते तुम्हाला बाईसाहेबांच्या बहिणीची जन्मकुंडली मांडून देतील.

बाईसाहेब दिवसा एका पतपेढीत कॅशियर असतात आणि शनिवारी रात्री रंगमंचावर बाई. वजन 108 किलो, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. लावणी तर ते करतातच, हल्ली झगमगीत गाऊन घालून ड्रॅग शोमध्ये हिंदी गाण्यांवरही उतरतात. (बाईसाहेब 'आले', 'म्हणाले'. आमच्या चाळीत व्याकरणानं केव्हाच हात टेकलेत.) वजनाचा विषय कुणी काढलाच, तर कानाच्या पाळीला हात लावून म्हणतात, "बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नायिका करत होते. प्रेक्षक काही काटा घेऊन बसले नव्हते."

लुगड्यावर त्यांचा भारी जीव. नऊ वार कापड, कुणालाही नंबर न विचारता सामावून घेतं. शिवलेल्या तयार नऊवारीचा मात्र मनस्वी राग. तिच्यावर 'फ्री साइज' लिहिलेलं दिसलं की म्हणतात, "म्हणजे आपल्याला सोडून सगळ्यांना."

खरी कटकट चोळीची. खांदे भावांसारखे आणि छाती स्पंजची, तीही गाण्यागणिक बदलणारी. अशा चोळीचं माप नुसत्या अंगावर देऊन चालत नाही, आतला सगळा सरंजाम बांधून उभं राहावं लागतं. नाहीतर ऐन कार्यक्रमात हात वर केला की मुंढा उसवतो. म्हणून बाईसाहेब बासमतीच्या रिकाम्या पिशवीत स्पंज भरून शिंप्याकडे जातात. एकदा मी सोबत होतो. नितंबांचं माप घेताना 60 इंची टेप संपली. शिंप्यानं चकार शब्द न काढता तिथं बोट दाबलं, टेप पुन्हा शून्यापासून लावली आणि वहीत '60 + 4' असं लिहिलं. बाईसाहेब आरशात बघत म्हणाले, "टेप आखूड आणलीत."

स्वभावच तो. ते कधीच मोठे नसतात, जगच कुठंतरी कमी पडतं. चाळांचा पट्टा पोटरीला पुरेना, तर चामडं आकसलेलं असतं.

लावणीत निदान पाय अनवाणी. गाऊनखाली उंच टाचा लागतात, आणि दुकानात बायकांचे नंबर साधारण 41ला संपतात. बाईसाहेबांचा पाय 44. "बहिणीसाठी हवी" ही थाप तिथूनच सुरू झाली. एका दुकानदारानं डोळे विस्फारले, म्हणून बहीण बास्केटबॉल खेळू लागली. दुसऱ्यानं विचारलं, त्याच का येत नाहीत, तर तिची नागपूरला बदली झाली. "मग माप?" "आमचा दोघांचा पाय सारखाच आहे," असं म्हणून बाईसाहेब तिथंच मोजा काढून बसले.

एकदा हट्टानं 42मध्ये पाय कोंबला. तयार सँडलची ती पेन्सिलीएवढी टाच, दुसऱ्या अंतऱ्याला गिरकी घेताना कटकन मोडली. बाईसाहेब खाली आले ते थेट मांडी घालूनच. मग पदर नसताना पदर सावरला आणि उरलेलं गाणं भुवया आणि बोटांवर पार पाडलं. लोकांना वाटलं, बैठकीची लावणी. वन्स मोअर आला. दुसऱ्यांदा पडायला मात्र त्यांनी नकार दिला.

शेवटी ठक्करबाप्पा कॉलनीत एक कारागीर सापडला. त्यानं बहिणीची चौकशीच केली नाही. वर्तमानपत्रावर पाय ठेवायला सांगून पेन्सिल फिरवली आणि पंजाभोवती दोरा गुंडाळला. बायकांचा फर्मा नुसता लांबवून भागत नाही म्हणाला, लांबी मिळते पण पंजा आवळतो. फर्मा पुरुषाचाच घ्यायचा, टाच जाड ठेवायची, तळव्यात पोलादी पट्टी घालायची आणि पुढं इंचभर उंची द्यायची, म्हणजे चढ कमी होतो. मग त्यानं वजन विचारलं.

"पंच्याण्णव," बाईसाहेब म्हणाले.

त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पायाच्या आकृतीशेजारी 110 लिहिलं.

त्या सोनेरी सँडल घालून बाईसाहेब गेले वर्षभर नाचताहेत, टाच जागची हललेली नाही. तरीही दादरच्या दुकानांत चक्कर असतेच. परवा तिथून परतले ते जरा गप्पच. चहा पुढं केला तेव्हा बोलले.

"त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा भाचा आहे. सहा फूट दोन इंच. मुलगी मिळत नाही म्हणे उंचीची. आपल्या बहिणीबद्दल विचारत होता."

"मग? सांगितलंत काय?"

बाईसाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"पत्रिका बघून कळवतो म्हटलं."