छत्तीसचा आकडा

सिंगापूरला निघालो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. एक बायकोची. तिच्यात १६ नातेवाइकांची नावं आणि प्रत्येकापुढे 'परफ्यूम', 'चॉकलेट', 'काहीतरी' असं लिहिलेलं. ('काहीतरी' माझ्या आत्यापुढे होतं.) दुसरी चिठ्ठी मेहुण्याची. मेहुणा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून ज्या ज्या वस्तूला बटण असतं तिच्याबाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द त्याचा. त्याने इंजिनिअरच्या काटकोनी अक्षरात लिहिलं होतं : 'भाऊजी, ३ मेगापिक्सेलच्या खाली जाऊ नका. ऑप्टिकल झूम बघा, डिजिटल झूमला भुलू नका. डबा समोर उघडायला लावा. पहिल्याच दुकानात घेऊ नका.'

मी पहिल्याच दुकानात घेतला. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

आमच्याकडे फोटो काढणं ही हौस नव्हती, खर्चाची बाब होती. बाबांचा आग्फा क्लिक थ्री, त्यात १२०चा रोल, आणि रोलमध्ये फोटो मोजून १२. कॅमेऱ्याच्या पाठीला एक तांबडी काच असायची. तिच्यातून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. सरकवायला विसरलं की एकावर एक दोन फोटो. आमच्या अल्बमात एका काकांच्या पोटातून अख्खा शनिवारवाडा बाहेर आलेला आहे. तो फोटोही बाबांनी चिकटवला, कारण धुण्याचे पैसे दोन्हींचे पडले होते.

पुढे मी ३५ एमएमचा कॅमेरा घेतला. ३६ फोटोंचा रोल ही बाबांच्या मते निव्वळ उधळपट्टी. म्हणून तो संक्रांतीला घातला की गणपतीपर्यंत पुरवायचा. मग गणपती विसर्जन होऊन गेलं तरी चार शिल्लक राहायचे, आणि 'रोल संपवायला' म्हणून तुळस, शेजारचं मांजर, नवा वॉटर फिल्टर असे फोटो निघायचे. घालताना हात सांभाळला तर ३६च्या रोलात ३७वा, क्वचित ३८वाही निघतो. ज्या वर्षी ३८ निघाले त्या वर्षी बाबा आल्यागेल्याला सांगत होते. त्या अडतिसाव्यात मांजर होतं.

अशा घरातल्या माणसाला कोणी सांगितलं की आता असा कॅमेरा निघालाय, ज्यात रोलच नाही, काढा हवे तेवढे, तर त्याचं काय होईल? माझं तेच झालं.

२००४चा मे महिना. आमच्या टूरच्या बसने आम्हाला रात्री साडेदहाला लिटल इंडियात सोडलं. सगळी डोंबिवली सय्यद अल्वी रोडवरच्या मुस्तफा सेंटरमध्ये शिरली. ते दुकान तेव्हा चोवीस तास उघडं असायचं, हे कळल्यावर आमच्यातल्या दोन कुटुंबांनी हॉटेलचे पैसे वाया गेले असं बोलून दाखवलं. मी मात्र चिठ्ठी चाचपत सेरंगून रोडवरच्या एका लहानशा दुकानात गेलो. काउंटरमागचा तमिळ गृहस्थ 'यस सार' म्हणाला आणि मी माझ्याजवळचं सगळं ज्ञान एका दमात टाकलं : "ऑप्टिकल!"

त्याने मान हलवली आणि एक रुपेरी कॅमेरा पुढे ठेवला. ३.२ मेगापिक्सेल, तीनपट ऑप्टिकल झूम, मागे सुपारीएवढा पडदा. मग कॅलक्युलेटर काढला. तिथल्या घासाघिशीत कोणी तोंडाने बोलत नाही. त्याने ५२० दाबून माझ्याकडे सरकवला, मी ४०० दाबून त्याच्याकडे. तो हसला, ५०० दाबले. मी हसलो नाही, ४५० दाबले. हा सगळा वेळ मी मनात सिंगापुरी डॉलरचे रुपये करत होतो. तेव्हा डॉलरला साधारण २६ पडायचे, आणि २६चा पाढा मला शाळेतही आला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरचं जे दुःख त्याला भावाबद्दलचं वाटलं, ते पाढ्याचं होतं. शेवटी त्याने ४८० दाबले आणि कॅलक्युलेटर उलटा ठेवला. बायको शाळेत गणित शिकवते. ती मागून म्हणाली, "बारा हजार चारशे ऐंशी. आता घ्या, नाहीतर चला, माझे पाय दुखतायत."

पैसे मोजताना तो म्हणाला, आत फक्त ३२ एमबीचं कार्ड आहे सार, लहान पडेल, २५६चं घ्या, ९५ डॉलर. हीच ती फसवणूक! परक्या देशात आपल्याला कोणीतरी फसवणार याची मी विमानात बसल्यापासून वाट बघत होतो. मेहुण्याच्या चिठ्ठीत कार्डाचा उल्लेखही नव्हता. शिवाय आमच्या बँकेत रोजचं काम फ्लॉपीवर चालायचं, एका फ्लॉपीत १.४४ एमबी. ३२ एमबी म्हणजे बावीस फ्लॉप्या! बावीस फ्लॉप्यांत आमच्या शाखेची सगळी कर्जं मावली असती, बुडीत धरून. मी त्याला बँकवाल्याच्या आवाजात "नो, थँक यू" म्हटलं. तो वाद न घालता म्हणाला, "टुमॉरो ऑल्सो ओपन, सार."

रात्री हॉटेलात उद्घाटन झालं. चार पेन्सिल सेल घातले, लेन्स गुरगुरत बाहेर आली, आणि मी सुटलो. बाथरूमचा नळ काढला. नळाचा जवळून काढला. चहाची किटली, टेबलावरचं बायबल, झोपलेले चिरंजीव, रागावलेली बायको, आणि कॅमेऱ्याचा रिकामा डबा. उभ्या आयुष्यात तुंबलेलं सगळं एका रात्रीत वाहून गेलं. नंतर नववीतले चिरंजीव उठले, त्यांनी 'बघू' म्हणून कॅमेरा घेतला आणि दोन मिनिटांत त्याचा मेनू चिनी करून टाकला. परत कसा आणायचा, तेही चिनीतच लिहिलेलं होतं.

सकाळी नाश्त्याला आलेल्या चिनी वेटरला मी कॅमेरा दाखवला, शब्दांपेक्षा चेहऱ्यानेच. त्याने उभ्याउभ्या तीन बटणं दाबली, इंग्रजी आणली, आणि जाता जाता आम्हा तिघांचा इडलीसकट एक फोटोही काढून दिला.

मग मर्लायन. अर्धा सिंह, अर्धा मासा, साडेआठ मीटरचा तो पांढरा पुतळा तोंडातून पाणी सोडत उभा असतो. पूर्वी तो जरा आतल्या बाजूला होता, पण पुढ्यात एस्प्लनेडचा पूल झाला आणि सिंहाला समुद्र दिसेना, म्हणून २००२ साली त्याला उचलून १२० मीटरवर नेऊन ठेवला. आमच्या चाळीत समोर इमारत उठली तेव्हा आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं, पण ते असो. बायको सिंहापुढे उभी राहिली, हसली, मी बटण दाबलं. काही झालं नाही. बायकोला वाटलं झाला, ती निघाली. आणि तेवढ्यात खटक झालं. फोटोत सिंह, पाणी आणि डाव्या कडेला चालता झालेला पदर.

हा त्या काळच्या डिजिटल कॅमेऱ्यांचा जातीचा गुण होता. बटण दाबलं की यंत्र आधी विचार करी. पुढे कुठेतरी वाचलं की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. माझा त्या मानाने चपळच म्हणायचा. पण आमच्याकडे फोटोसाठी आणलेलं हसू एका सेकंदापेक्षा जास्त टिकत नाही, ही अडचण सॅसनसाहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"पुन्हा उभी राहा," मी म्हटलं. ती पुन्हा उभी राहिली, आता श्वाससुद्धा रोखून. मी दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : मेमरी कार्ड फुल.

मोजले. २६.

मी पुन्हा मोजले, कारण बँकेत तशी पद्धत आहे. २६च. ज्या छत्तिसाशी उभा जन्म छत्तीसचा आकडा, त्याच्यातून सुटायला मी साडेबारा हजार घातले, आणि पदरात पडले दहा कमी! बायकोने समुद्राकडे बघत तोंडी हिशेब केला, "एक फोटो ४८० रुपयांना पडला. नळाचे दोन, ९६०."

मग तिथेच पायरीवर बसून आम्ही छाननी सुरू केली. रोलच्या काळात फोटो कसाही येवो, तो आपला असे. डोळे मिटलेले असोत, डोकं छाटलेलं असो, पैसे दिलेत म्हटल्यावर अल्बमात त्याची जागा ठरलेली. आता प्रथमच आमच्या हाती कचऱ्याच्या टोपलीचं चित्र असलेलं बटण आलं होतं. "ह्यात मी जाड दिसतेय, काढा." काढला. "ह्यात तुमचं पोट." काढला. "ह्यात दोघंही बरे आहोत, पण मागे कोण तो माणूस तोंड उघडून?" काढला. किटली गेली, डबा गेला. नळ काढताना मात्र माझा हात अडखळला. फार स्वच्छ आला होता, थेंबसुद्धा दिसत होता. बायकोने माझा अंगठा धरून बटणावर ठेवला. शेवटी नऊ राहिले. वेटरने काढलेला वाचला, त्यावर कोणाचीच हरकत निघाली नाही.

रात्री मी सेरंगून रोडवर गेलो तर त्या गृहस्थाने मला बघून ड्रॉवर उघडला. "टू फिफ्टी सिक्स, सार?" कॅलक्युलेटर काढलाच नाही. मीही मागितला नाही.

परतीला चांगी विमानतळावर जीएसटीचे पैसे परत मिळतात, तेव्हा ५ टक्के, हे कळल्यावर आमचा हुरूप परत आला. कस्टमच्या खिडकीतल्या बाईंनी वस्तू दाखवा म्हटलं. वस्तू माझ्या गळ्यात, पण पावती मोठ्या बॅगेत तळाशी, चकल्यांच्या डब्याखाली. ती शोधताना १६ जणांची परफ्यूम, चॉकलेटं आणि आत्याचं काहीतरी चांगीच्या चकचकीत फरशीवर मांडून झालं. मिळालेल्या डॉलरांची तिथेच तिघांनी कॉफी घेतली, वर स्वतःच्या खिशातले दोन घातले. मुंबईला ग्रीन चॅनलमधून जाताना, कॅमेरा माझ्या गळ्यात जन्मापासूनच आहे असा चेहरा केला. कोणी बघितलंही नाही.

घरी रविवारी मंडळी जमली. मेहुणा मुद्दाम पुण्याहून आला होता. कॅमेऱ्यातून पिवळी वायर टीव्हीला जोडली, पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि पडद्यावर मर्लायन आला. काळापांढरा. ऑर्किडची बाग काळीपांढरी. बायकोची मोरपंखी साडी काळीपांढरी.

आत्या म्हणाली, "सिंगापूरला अजून रंग नाही आले?"

मेहुण्याने वायर काढून फुंकली, पुन्हा घातली, मग टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. सॉफ्टवेअरवाल्यांचं ज्ञान तिथे संपतं. शेवटी चिरंजिवांनी मेनूत जाऊन शोधून काढलं की कॅमेरा एनटीएससी या पद्धतीवर होता, तिकडे अमेरिका-जपानात चालते ती, आणि आपला टीव्ही पालवाला, त्यामुळे चित्र पोचतं, रंग मात्र वाटेत राहतो. त्याने एक बटण दाबलं आणि साडी मोरपंखी झाली. बायको तिसऱ्यांदा म्हणाली, की ही सिंगापूरला नाही, दादरला घेतली.

बाबा एवढा वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प होते. सगळे फोटो बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रोल धुवायला कधी टाकणार?"

"बाबा, ह्यात रोल नसतो."

"मग हे कशावर आले?"

मी कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरून आरपार काही दिसतं का पाहिलं, आणि परत दिलं. मग कॅमेराच मागितला. मागचा पडदा त्यांनी विचारातही घेतला नाही. डावा डोळा मिटून उजवा वरच्या बारीक खिडकीला लावला, पाय किंचित फाकवले, श्वास धरला. समोर सगळे आपोआप ताठ बसले, आत्याने पदर सारखा केला. खटक. आणि बाबांचा अंगठा कॅमेऱ्याच्या कडेवरून फिरत, रोल सरकवायची ती चक्री शोधत राहिला.

"आणखी काढा की," मी म्हटलं.

"किती राहिलेत?"

मी पडद्यावर बघून सांगितलं, "१८६."

त्यांनी कॅमेरा बंद करून माझ्या हातात दिला. "राहू देत. गणपतीला होतील."